मठाचं विरजण

“...मग बुवा, घरची माणसं ठेवू, की काम बाहेर देऊ? तेवढं एकच सांगा.”

रणधीर भोईटे हेच पुन्हा पुन्हा विचारत होता. बुवा पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी नारबा. नीरेकाठच्या या मठाचं स्वयंपाकघर माझ्याकडे आहे. इतकी वर्षं झाली, आता कोण काय विचारायला आलाय ते मला कळतं. कोण काय ऐकायला आलाय तेही कळतं. हा पठ्ठ्या ‘बाहेर दे’ ऐकायला आला होता.

रणधीरची दूध डेअरी आहे. गावोगावच्या केंद्रांवर दूध आलं की लिटर, फॅट, दर सगळं कॉम्प्युटरवर चढतं आणि दूध घालणाऱ्या बाईच्या मोबाइलवर लगेच मेसेज जातो. ते सॉफ्टवेअर डेअरीतच तयार झालेलं. रेवती जाचक म्हणून एक मुलगी आहे, तिने केलं. रणधीरचे वडील असताना ती कॉलेजातून थेट तिथे आली, आणि मग हाताखाली तीन पोरं तयार केली. आता पुण्याची एक कंपनी म्हणत होती, हे सगळं आमच्यावर सोडा आणि निर्धास्त व्हा.

त्याचं म्हणणं अगदीच वेड्यासारखं होतं असं मी म्हणणार नाही. घरची माणसं चारच. रेवती आजारी पडली की काम अडतं. एखादा पोरगा शिकून तरबेज झाला की मोठ्या पगारावर पळतो. बाहेरच्यांकडे माणसांचा तुटवडा नाही. हे सांगता सांगता त्याचा आवाज चढत चालला. बुवा तर काही बोललेच नव्हते. कुणाशी भांडत होता कोण जाणे.

शेंगा संपल्या. बुवांनी सालं बाजूला सारली.

“रेवतीला काय सांगितलंस?”

रणधीर एक साल उचलून चुरगाळत बसला.

मग हळूहळू निघालं एकेक. त्याने रेवतीला सांगितलं होतं की, तुमच्यावर फार ताण पडतोय, म्हणून बाहेरची माणसं मदतीला घेतोय, त्यांना सगळं नीट शिकवा. ती खूश झाली. तेव्हापासून ती आणि तिची पोरं रोज पडद्यासमोर बसून पुण्याच्या लोकांना शिकवत होती. कोणत्या गावचं केंद्र कधी बंद पडतं, पावसाळ्यात फॅटचे आकडे का घोटाळा करतात, काय काय. शिकवून झालं की चौघांना घरी बसवायचं, हे डेअरीच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक होतं. त्या चौघांनाच तेवढं ठाऊक नव्हतं.

“खरं सांगितलं असतं, तर मन लावून शिकवलं असतं का तिने?” रणधीर म्हणाला.

मला त्याचा राग आला. खोटं कशाला बोलू? पण मठात आलेल्याला उपाशी लावून देत नाहीत, मग तो कसाही असो. मी उठलो आणि ताटं घेतली. भाकरी, पिठलं, आणि दही.

आमच्या दह्याची एक रीत आहे. गाडगं उघडलं की पहिलं विरजण काढायचं. देवाच्या नैवेद्याच्याही आधी. ते लोटीत घालून फळीवर झाकून ठेवायचं, मगच देवाला आणि मग माणसांना. संध्याकाळी त्यानेच पुढचं दूध विरजायचं. बुवांच्या गुरूंच्या आधीपासून हे असंच चालू आहे, एकदाही खंड नाही. एका वर्षी मी तापाने फणफणलो होतो, तेव्हा बुवांनी आत येऊन आधी लोटी पाहिली आणि मग माझं कपाळ. मला वाईटही वाटलं नाही. मीही तेच केलं असतं.

रणधीर भुकेलेला होता. दही तोंडात घातलं आणि त्याने डोळेच मिटले. आमच्या प्लांटला एवढी यंत्रं आहेत, पण असं दही काही लागत नाही, म्हणाला. मागून मागून घेतलं. गाडग्याचा तळ दिसला.

“अजून असेल का थोडं?”

संपलं, मी म्हटलं. खरंच संपलं होतं.

बुवा उठले. त्यांचे गुडघे धरलेत, उठायला वेळ लागतो. आत गेले, फळीवरची लोटी घेऊन आले आणि रणधीरच्या ताटात उपडी केली. कडेला लागलेलं बोटाने निपटून तेही वाढलं.

मी पुढे झालो. बुवांनी माझ्याकडे पाहिलं... मी तिथेच थांबलो.

रणधीरने तेही खाल्लं. भाकरीच्या तुकड्याने ताट पुसून खाल्लं.

“ते विरजण होतं,” मी म्हणालो. राहवलंच नाही मला.

त्याचा हात थांबला. रीत त्यालाही माहीत होती, वडिलांबरोबर लहानपणापासून येत होता तो. ताटाकडे बघत राहिला. मग सावरला. मला आधी सांगायचं होतंत, म्हणाला, आणि लगेच, काळजी करू नका, उद्या सकाळी डेअरीतून दह्याचा डबा पाठवतो, रोज पाठवत जाईन, तुमचा विरजायचा व्यापही वाचेल.

मी रिकामं गाडगं उचलून बाजूला ठेवलं.

“दही काय बुवा, कुणाच्याही विरजणाने लागतं.”

“लागतं,” बुवा म्हणाले.

“म्हणजे बाहेरचं चालतं.”

“दही लागेल.”

रणधीर एकदम खुलला. मघापासून आखडलेले खांदे सैल झाले. त्याला हवं ते मिळालं होतं. मग त्याने मनातली खरी गोष्ट काढली. रेवती तुम्हाला फार मानते, म्हणाला. दर गुरुवारी इथे येते. बुवांच्या सल्ल्याने ठरलं असं मी तिला सांगतो, म्हणजे ती मनाला लावून घेणार नाही.

अच्छा. यासाठी एवढ्या लांबून गाडी हाकली होती तर.

बुवा लोटी हातात धरून बसले होते. त्यांचे डोळे भरले होते. लोटीसाठी, की त्या मुलीसाठी, की या समोर बसलेल्यासाठी, ते मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी मला ते फार म्हातारे दिसले.

तेवढ्यात रणधीरचा फोन वाजला. उजवा हात खरकटा होता, म्हणून त्याने डाव्या हाताने स्पीकर लावला.

“सर, झालं बघा एकदाचं!” रेवतीचा आवाज होता. मागे पोरांचा हसण्याखिदळण्याचा गलका. “आज शेवटचं शिकवून झालं. सगळं दिलं त्यांना, हातचं काही राखलं नाही. आता आमची पोरं विचारतायत, सोमवारपासून आपण नवीन काय करायला घ्यायचं?”

रणधीरने फोन ताटाशेजारी ठेवला, पुन्हा उचलला.

“सर... ऐकू येतंय ना?”

त्याने बुवांकडे पाहिलं. मग हळूच तो फोन बुवांच्या तोंडापुढे धरला. तुम्हीच सांगा, असं डोळ्यांनी विनवत होता.

बुवांनी रिकामी लोटी जमिनीवर पालथी ठेवली. दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि फोन पुन्हा त्याच्याच तोंडाशी नेला.

“हे काम बाहेर देता येत नाही, रणधीर.”