उकळत्या पाण्याचा हुकूम

चिंचवली संस्थानात राणीसाहेबांचा मोगरा ठकूबाई माळीण सांभाळायची. पालापाचोळा, शेण आणि मुदपाकखान्यातली सालं कुजवून तिनं चार महिन्यांत खड्डाभर खत केलं. ते मोगऱ्याला घालायच्या दिवशी महाराज बागेत आले, सोबत दिवाण त्र्यंबकराव. दिवाणांनी छडीनं खत उकरलं, तर आत पांढरी, लठ्ठ हुमणी वळवळली!

"ही अळी मुळं खाते. ओता खड्ड्यात उकळतं पाणी! एकही जीव वाचता कामा नये," दिवाण गरजले.

पण त्याच खड्ड्यात ठकूबाईची, खत कसदार करणारी गांडुळं होती. तिनं महाराजांना हात जोडले, "सरकार, दुपारपर्यंत वेळ द्या."

महाराजांनी मान डोलावली. ठकूबाईनं खताचे लहान ढीग उन्हात घातले. ऊन लागताच गांडुळं तळाशी गेली. मग वरचं खत पसरून तिनं एकेक हुमणी वेचली, कोंबड्यांपुढे टाकली आणि तळातली गांडुळं पुन्हा खड्ड्यात सोडली.

"एवढी यातायात कशाला?" दिवाण खेकसले. "सरसकट मारलं असतं तर काय बिघडलं असतं?"

ठकूबाई शांतपणे म्हणाली, "दिवाणसाहेब, परवा आपल्या कचेरीत धान्य चोरणारा एक कारकून सापडला. तेव्हा सरकारांनी अख्ख्या कचेरीवर उकळतं पाणी ओतलं असतं, तर आज हा हुकूम सोडायला कोण उरलं असतं?"

महाराज खो खो हसले. त्र्यंबकराव मात्र विचारात पडले. बाईनं आपल्याला गांडुळांत धरलं की हुमणीत, हे विचारायचा धीर त्यांना शेवटपर्यंत झाला नाही.