भर दुपारचा घास

फार जुनी गोष्ट आहे, कोंबड्या माणसांशी चार शब्द बोलत तेव्हाची. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात सगुणा नावाची बाई राहायची. तिला मूलबाळ नव्हते. दहा कोंबड्या हाच तिचा संसार. त्यांना खाऊ घातल्याशिवाय ती पानावर बसत नसे. दुपारी भाकऱ्या झाल्या, की आधी अंगणात ज्वारी, मग आपले जेवण.

एका साली उन्हाळा असा तापला, की अंगणात पाय ठरेना. कोंबड्या चोची उघडून धापा टाकू लागल्या. अंडी कमी झाली, आणि जी मिळत त्यांचे कवच बोट लावताच फुटे.

"अशक्तपणा आलाय माझ्या लेकींना," सगुणा हळहळली. तिने दुपारची ज्वारी दुप्पट केली. एकीने चोच फिरवली, तर तिला मांडीवर घेऊन भरवले. संध्याकाळी तीच कोंबडी मेली. दुसऱ्या दिवशी आणखी एक गेली. बिचारीने केली ती मायाच, पण ती अंगाशी आली.

तिसऱ्या दुपारी ती पुन्हा सूप घेऊन आली, तेव्हा सगळ्यांत म्हातारी कोंबडी पुढे झाली.

"बाई, चुलीपुढून उठल्या उठल्या तुला तरी जेवण जातं का?"

"कुठलं गं. तेव्हा तांब्याभर पाणीच गोड लागतं."

"मग आमचं काय निराळं? दाणा पचताना अंग आतून तापतं. वरून ऊन, आतून जाळ. सोसायचं किती?"

"आधी का नाही बोललीस?"

"तू इतक्या मायेनं घालायचीस. नाही म्हणवेना."

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवसापासून ती तांबडं फुटताच दाणे घालू लागली. दुपारी फक्त सावलीत गार पाण्याची परळं. उन्हं उतरली की पुन्हा दाणे, आणि कवच घट्ट व्हावे म्हणून त्यांत नदीतले शिंपले कुटून.

"काय गं, दुपारचं उपाशी ठेवतेस होय?" शेजारणीने टोमणा मारला.

"उपाशी नाही ठेवत," सगुणा म्हणाली. "भरवायची घाई मला होती, त्यांना नव्हती."

पंधरा दिवसांनी खुराड्यात टणक कवचाची अंडी दिसू लागली. आठही कोंबड्या सावलीत निवांत बसल्या होत्या. गेलेल्या दोघी मात्र परत आल्या नाहीत, आणि ते सगुणाला जन्मभर सलत राहिले.

तात्पर्य: माया करताना आपल्या हाताची हौस पाहू नये, समोरच्या जिवाची वेळ पाहावी.