राजबागेतला गृहप्रवेश

एका नगरीत महागाईनं कहर केला. लोक गाऱ्हाणं घेऊन आले, तेव्हा प्रधानजींनी मिशीवर ताव देत दवंडी पिटवली, "सहकुटुंब राजबागेत या, तिकीट अर्धं! महागाईचा भार हलका करा!"

बयजा कासारणीनं ते ऐकलं आणि पदर खोचला. दुसऱ्या दिवशी नवरा, सासू नि चार पोरं घेऊन ती बागेत शिरली. हंसांच्या तळ्याकाठी तिनं तीन दगडांची चूल मांडली, शेळीचं दूध तापत ठेवलं आणि ते उतू जाताच हात जोडले.

पहारेकऱ्यांची ओरड ऐकून राजा आणि प्रधानजी धावत आले.

"हे काय मांडलंयस, बाई?" प्रधानजी गरजले.

"गृहप्रवेश. आता आम्ही इथंच राहणार."

"का? तुला घर नाही?"

"आहे की! पण तिथं पीठ, तेल, सरपण, सगळं चढ्या भावानं. स्वस्ताई तेवढी आपण बागेत ठेवलीत. मग संसार तिकडं कशाला मांडू?"

"आधी चूल विझव!"

"आधी घरची पेटू द्या."

राजानं प्रधानजींना जकातीची वही आणायला लावली. संध्याकाळी पीठ-तेलावरची जकात उठल्याची दवंडी पिटली. ती स्वतःच्या कानांनी ऐकल्यावरच बयजानं चुलीवर पाणी ओतलं.