एका नळीपुरता रेडा

त्या खोऱ्यात ऊब डोंगराच्या पोटातून येई. तिथे गरम पाण्याचा एक झरा होता, आणि त्याचं पाणी दगडी पाटांतून घरोघरच्या जमिनीखालून फिरे. वर्षातले चार महिने खोऱ्यावर दहिवर गोठत असे. त्या चार महिन्यांत पाट वाहता राहिला तर जगायचं, नाहीतर कुडकुडायचं, असा सरळ हिशेब होता. झऱ्याची व्यवस्था बगळ्यांकडे होती. पाणी बंद पडलं की ते कधी गाळ काढायचं कारण सांगत, कधी दगड बसवायचं. पाणी येणार केव्हा, असं कुणी विचारलंच तर वर घेतलेला पाय खाली टेकवत आणि खालचा वर घेत. विचारणारा थोडा वेळ थांबून घरी जाई.

पूर्वी पाणी वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळी बंद पडे. पुढे पंधरवड्यातून एकदा बंद पडू लागलं, तशी ज्याला जमेल त्याने परसात रेडा आणून बांधला. हे रेडे नांगराचे नव्हते. ते एरवी झोपून असत. पाणी बंद पडलं की त्यांना उठवायचं आणि करंजाच्या बिया खायला घालायच्या. बिया पोटात गेल्या की रेड्याचं अंग तापे, तो धापा टाकू लागे, आणि त्याच्या तोंडाला बसवलेल्या मातीच्या टोपातून चार पोकळ बांबूंच्या नळ्यांवाटे गरम श्वास घरात जाई. श्वासाबरोबर काळा धूर येई आणि भिंती थरथरतील असा घुरघुराट होई, पण तो शेजाऱ्यांच्या वाट्याला जास्त येत असल्यामुळे त्याची तक्रार मालकाला नसे. नको असतील त्या नळ्यांना चिंध्यांचा बोळा लावायचा.

या खोऱ्यात सगुणा नावाची एक साळिंदरीण राहत होती. एकटा जीव, बीळ एका खोलीचं, आणि त्यामागे हा भला थोरला रेडा. सगुणाने रेडा पाळलाय की रेड्याने सगुणा, असं शेजारीपाजारी म्हणत. सगुणा ते हसण्यावारी नेई. तिचा नवरा अशाच एका बंदीत गारठून गेला होता. सकाळी त्याला हलवलं तेव्हा त्याचे काटे काटक्यांसारखे कडकडले होते. तो आवाज तिने पुन्हा ऐकायचा नाही असं ठरवलं, आणि होतं नव्हतं ते मोडून रेडा आणला.

रेडा आणणं सोपं, पोसणं अवघड. बिया विकणारा बारकूशेठ जातीने घूस होता. तो पहिल्याच दिवशी प्रत्येकाला सांगे, "सूर्य उगवल्यापासून डोक्यावर येईपर्यंत, एका नळीला एक माप." हाच हिशेब साऱ्या खोऱ्याच्या तोंडी होता. चार नळ्यांचा ससा चार मापं नेई. त्यातल्या कितीतरी बिया त्याच्या कणगीत पडून खवट होत आणि तो त्या ओढ्यात ओतून देई. बिया खवट व्हायच्याच, असं तो समजत असे. आणखी एक रीत होती. पाट वाहता असला तरी दर आठव्या दिवशी रेड्याला उठवून उभं करावं लागे, नाहीतर त्याचे सांधे धरत आणि ऐन वेळी तो हलत नसे. त्या दिवसाला रेड्याचा वार म्हणत. त्या दिवशी बिया मोजायच्या नसत. टोपली पुढे ठेवायची आणि पाठ फिरवायची. मोजलं तर रेड्याची बरकत जाते, असं सगळे मानत.

थंडीच्या तिसऱ्या महिन्यात एका सकाळी पाट बंद पडला. सगुणाने कणगी उघडून पाहिली. पाच मापं होती. रात्र साठलेल्या उबेवर काढली आणि एका नळीवर सकाळ-दुपार भागवली तरी अडीच दिवस, त्यापुढे काही नाही. तिने एक नळी आत घेतली, बाकी तिन्हींना बोळे लावले आणि रेड्याला उठवलं. बोळ्यांच्या फटींतून श्वास सूं सूं करत बाहेर जात होता. रेड्याच्या भोवतालचं दहिवर पाच पावलांपर्यंत विरघळलं होतं. सगुणाने बोळे आणखी घट्ट कोंबले.

दुपारी धुक्यातून हौसा टिटवी धावत आली. तिला घर असं नव्हतंच. सगुणाच्या बिळापासून चाळीस पावलांवर, खालून पाट जाणाऱ्या उघड्या माळावर, गोट्यांमध्ये एक खळगी केलेली आणि तिच्यात चार अंडी. तिचा जोडीदार सकाळपासून बगळ्यांच्या दारात उभा होता.

"काकू, वरून माझी ऊब पुरतीय," ती म्हणाली. "पण खालचे गोटे पार गारठलेत. अंडी खालून गार पडाय लागलीत. एक नळी सोडा माझ्याकडं. बांबू मी आणते जोडायला."

सगुणाने कणगीकडे पाहिलं. "अगं हौसा, सकाळी मोजून पाच मापं होती बघ. दुसरी नळी सोडली तर उद्या संध्याकाळी तुझ्याकडेही काही नाही आणि माझ्याकडेही."

"आजच्या दिवसापुरती तरी?"

"बघते," सगुणा म्हणाली.

त्या खोऱ्यात 'बघते'चा अर्थ अंड्यातल्या पिल्लालाही कळत असेल. हौसाने मान हलवली, "बरं काकू" म्हणाली आणि आली तशी धावत गेली. ती अंडी उघडी टाकून आली होती, म्हणून धावत होती, हे सगुणाच्या ध्यानात आलं तेव्हा ती धुक्यात दिसेनाशी झाली होती. सगुणा आत येऊन नळीपाशी बसली. ऊब चांगली होती. पण तिला डोळा लागेना. आपण खोटं बोललो नाही, असं तिने स्वतःला दोनतीनदा बजावलं. मापं पाचच होती. यात खोटं काय होतं?

तिसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा पाटातून पाणी खळाळलं. सगुणाच्या कणगीत अर्धं माप उरलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते पाहून तिला बरं वाटलं. आपण नेटाने निभावून नेलं, असंच तिच्या मनात आलं. मग ती बाहेर गेली. हौसा एकेक अंडं चोचीने उलटत होती, त्यावर डोकं टेकवून ऐकत होती आणि पुन्हा उलटत होती. जमीन आता गरम होती. हौसा आणखी चार दिवस त्या अंड्यांवर बसली. पाचव्या दिवशी ती उठली आणि तिने अंडी एकेक करून माळाच्या कडेला ढकलत नेली.

सगुणा जेवण अर्धं टाकून उठू लागली. शेजाऱ्यांनी समजूत घातली. ससा म्हणाला, "तुमचं काय चुकलं? आपल्यापुरत्या बिया नकोत का ठेवायला?" हे सगळं तिला पटत होतं आणि कशाचाच उपयोग होत नव्हता. शेवटी ती धीर करून माळावर गेली. काय बोलायचं ते ठरवून गेली होती, पण त्याआधी हौसाच बोलली.

"तुमच्याजवळ तरी कुठं जास्त बिया होत्या, काकू. तुम्ही तरी काय करणार?"

हौसाने चार शब्द सुनावले असते तर सगुणाने ते मुकाट ऐकून घेतले असते. हा समजूतदारपणा मात्र तिला सोसवेना. ती मान खाली घालून परतली.

मग रेड्याचा वार आला. सगुणाने बारकूशेठकडून एक माप आणलं होतं. भाव चढलेला होता आणि कणगीचा तळ दिसत होता, म्हणून तिने कधी न केलेली गोष्ट केली. टोपलीत तेवढं एकच माप घातलं आणि पाठ फिरवली नाही. पाट वाहत होता, त्यामुळे चारही नळ्यांना बोळे होते. रेडा उठला, टोपात तोंड घालून धापा टाकू लागला, चावू लागला. सूर्य डोक्यावर आला तेव्हा सगुणाने टोपलीत हात घातला. तळाशी मूठभर बिया होत्या.

तिला आधी वाटलं, रेडा आजारी असेल. मग वाटलं, तो हावरट झाला असेल. ती त्या मूठभर बियांकडे पाहत राहिली. कुणालाही ऊब न देता रेड्याने मूठभर कमी एक माप खाल्लं होतं. म्हणजे तिच्या नळीला लागत होती ती एवढीच मूठ. बाकीचं माप रेडा नुसता जागा राहण्यासाठी खात होता. पुढचा हिशेब तिला करायचा नव्हता. तो आपोआप झाला: हौसाच्या नळीलाही फार तर आणखी एवढीच मूठ लागली असती.

ती तशीच बारकूशेठकडे गेली.

"मोजलंत?" तो दचकून म्हणाला. "त्या दिवशी मोजायचं नसतं हो, काकू." मग तिचा चेहरा पाहून त्याने आवाज खाली आणला. "तो जागा राहण्यालाच खातो. एकदा उठवला की नळ्या दोन काय नि चार काय. थोडा फरक पडतो, नाही असं नाही."

"मग एका नळीला एक माप असं का सांगता?"

"किती नळ्यांना किती, असं सगळे विचारतात. म्हणून तसं सांगतो," बारकूशेठ म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

परत येताना वाटेत हौसा भेटली. सांगून टाकावं, असं सगुणाला फार वाटलं. पण काय सांगणार? बिया कमी होत्या म्हणून अंडी गेली, एवढा एकच आधार हौसाकडे होता. तो काढून घ्यायचा? की तो तिच्याकडे राहू द्यायचा, आणि आपण त्याच्या आडोशाला सुखरूप राहायचं? सगुणा बाजूला होऊन पुढे चालू लागली. गप्प राहण्यात हौसाबद्दलची दया किती आणि स्वतःची भीती किती, हे तिला सांगता आलं नसतं.

पंधरा दिवसांनी पाट पुन्हा बंद पडला. खोऱ्यातल्या चाळीस परसांतून चाळीस रेडे उठले आणि काळ्या धुराच्या चाळीस रेषा वर गेल्या. बहुतेक घरांत एकच नळी चालू होती. बाकीच्या नळ्यांच्या तोंडी बोळे होते, घराघरांमधल्या जमिनीवर दहिवर होतं, आणि उघड्यावर राहणारे त्या दहिवरावर पाय बदलत उभे होते.

सगुणाने टोपलीत एक माप मोजून घातलं, काठावर मूठभर बिया मोजून जास्त ठेवल्या आणि रेड्याला उठवलं. मग बांबू पाठीवर घेतले आणि एकाला एक जोडत माळापर्यंत नेले. कुणी मागितलं नव्हतं, आणि मागायला आता काही राहिलंही नव्हतं. नळीचं तोंड तिने खळगीपाशी ठेवलं, मागे जाऊन दुसऱ्या नळीचा बोळा काढला आणि कान देऊन उभी राहिली. रेड्याने मान वळवली नाही. त्याचं चावणं मघासारखंच संथ चालू होतं. धापही वाढली नाही. श्वास नळीतून निघून माळावर पोचला, गोट्यांवरचं दहिवर विरघळलं, गोटे ओले झाले आणि हळूहळू सुकले.

हौसा लांबून पाहत होती. ती जवळ आली. तिने नळीकडे पाहिलं, मग चाळीस पावलांपलीकडच्या सगुणाकडे. नंतर तिने खळगीत पाय ठेवला आणि पिसं फुलवून अलगद खाली बसली, खाली काही चिरडलं जाऊ नये अशा बेताने.

सूर्य डोक्यावर आला. सगुणाने टोपलीत हात घातला आणि राहिलेल्या बिया एकेक मोजल्या. दुसऱ्या नळीला पाच बिया लागल्या होत्या. समोर माळावर हौसा पंख पसरून बसून होती, आणि तिच्या अंगाखाली चार अंड्यांची जागा गरम होती.