मागच्या चाकांचं लॉक

“म्हणजे लॉकवाला नको, असंच म्हणताय न्हवं उस्ताद?”

“मी कुठं काय म्हणलं?”

दस्तगीर उस्ताद बाकड्यावर बसून चहा फुंकत होते. समोर शिवलिंग उभा होता.

जयसिंगपूरच्या रस्त्याला उस्तादांचं ट्रकचं गॅरेज. शिवलिंग पाना धरायला इथंच शिकला. आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, उसाचा एक ट्रक होता, आणि गाडीतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही असंही त्याला वाटायला लागलं होतं. तरी अडलं की तो उस्तादांकडे यायचा. विचारायला नव्हे. आपण ठरवलेल्याला त्यांनी हो म्हणावं, एवढ्यासाठी.

आज अडलं होतं ते असं.

ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये, दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मधोमध, इंजिनाचा जोर वाटून देणारा डिफरन्शियल असतो. साध्या डिफरन्शियलची एक खोड असते. एका बाजूचं चाक चिखलात फिरायला लागलं, की जोर तिकडंच वाया जातो. कोरड्यावरचं चाक नुसतं उभं राहतं.

गेल्या आठवड्यात नदीकाठच्या फडात शिवलिंगचा ट्रक असाच बसला. उसानं भरलेला. डावं चाक पाण्याच्या पाटात गेलं आणि गरागरा फिरत राहिलं. शेवटी ट्रॅक्टर लावून ओढून काढावा लागला.

गाडीवर त्याचा धाकटा भाऊ होता, बसगोंडा. शिवलिंग फडात पोचला तो तोंड सोडतच पोचला. ऊसतोडीच्या सगळ्या टोळीसमोर त्यानं भावाला नाही नाही ते बोलून घेतलं.

बसगोंडानं गाडी कारखान्यावर रिकामी केली, घरी आणली, किल्ली खिळ्याला अडकवली, आणि त्या दिवसापासून गाडीला हात लावला नाही. सांगलीचा एक दूधवाला त्याला टँकरवर बोलावत होता. आज संध्याकाळी त्याला होय की नाही ते सांगायचं होतं. घरात आई दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढत होती.

शिवलिंगनं डोकं चालवलं ते असं, की डिफरन्शियलच बदलावा. मग गाडी रुतणार नाही, आणि गाडी रुतली नाही तर भांडणच होणार नाही. आज ट्रक त्यानं स्वतःच चालवत उस्तादांच्या गॅरेजात आणला होता.

बदलायचा तर दोन प्रकार होते. एक लॉकवाला. ड्रायव्हरनं बटण दाबलं की दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांना बांधली जातात आणि एकसारखीच फिरतात. गाडी चिखलातून निघते. पण निघाल्यावर लॉक आठवणीनं सोडावं लागतं. तसंच डांबरावर वळण घेतलं तर टायर घासतात, एखादवेळी एक्सलच तुटतो.

दुसरा लिमिटेड स्लिप. त्याला बटण नसतं. चाक घसरायला लागलं की तो आपला आपणच थोडं धरून ठेवतो. ड्रायव्हरनं काही करायचं नाही.

उस्तादांनी चहाचा घोट घेतला. एक चाक पाटात पार तरंगायला लागलं तर गाडी कोण बाहेर काढेल, असं त्यांनी विचारलं.

“लॉकवाला.” शिवलिंगला उत्तर पाठ होतं. अशा जागी लिमिटेड स्लिपचा जोर कमी पडतो हेही त्यानं आपणहून सांगितलं.

“मग?”

“मी लिमिटेड स्लिपच बसवावा म्हणतोय.”

उस्ताद त्याच्याकडे बघत राहिले.

“बटण हाय न्हवं त्याला, उस्ताद.” शिवलिंग खाली बघत म्हणाला. “बश्याला दाबायचं कळंल. सोडायचं कळायचं न्हाई.”

“त्याला विचारलंस?”

“त्याला काय विचारायचं?”

…

तेवढ्यात फाटकातून बसगोंडा आत आला. उस्तादांनीच त्याला सकाळी निरोप धाडला होता. शिवलिंगला हे माहीत नव्हतं.

बसगोंडानं उस्तादांना हात जोडले. भावाकडे बघितलं नाही. मला जरा घाई आहे, सांगलीला जायचंय, एवढं मात्र भावाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला.

शिवलिंगचा चेहरा उतरला. त्यानं खिशातला रुमाल काढून उगाच हात पुसले.

उस्ताद म्हणाले, आज सुट्टी, गॅरेजात माणूस नाही. फाटकापाशी मोडीतल्या टिपरचा एक लॉकवाला डिफरन्शियल पडलाय, तेवढा दोघांनी शेडमध्ये चेनकप्पीखाली आणून ठेवा. कुठला बसवायचा ते मागनं बघू.

रात्री पाऊस झाला होता. फाटकापासून चिंचेच्या झाडापर्यंत सरळ वाट, पण सगळा चिखल. ढकलगाडी चालणार नव्हती. चिंचेला वळसा घातला की पुढं कोरडं, आणि मग शेड.

दोघांनी त्या लोखंडी धोंड्याला दोर आवळला, दोरातून पाइप घातला आणि एकेक टोक धरलं. जेवणावळीत भाताचं मोठं पातेलं नेतात तसं. शेजारी शेजारी, मधे ओझं.

“माझ्या पावलाला पाऊल टाकायचं,” शिवलिंगनं बजावलं. “मी म्हणतो तसं. एक… दोन… एक… दोन…”

चिखल पार झाला. चिंच आली. शिवलिंग झाडाच्या अंगाला होता, बसगोंडा बाहेरच्या. शिवलिंगचं एक-दोन चालूच होतं. बसगोंडा सांगितल्याप्रमाणं पाऊल टाकत होता. भावाएवढंच. बोटभर जास्त नाही, बोटभर कमी नाही.

दोघंही तसेच नाकासमोर चालत गेले आणि चिंचेपुढच्या पाण्याच्या हौदाला गुडघे आपटून थांबले.

ओझं खाली आदळलं.

“वळायचं कळत न्हाई व्हय रं?” शिवलिंग ओरडला.

“तू एक-दोन म्हणलास, अण्णा. वळ म्हणला न्हाईस.”

बाकड्यावर उस्तादांना ठसका लागला. हसू की चहा, ते कळलं नाही.

मग त्यांनी ओझं परत फाटकापाशी न्यायला सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. उस्तादांच्या शब्दापुढं जायची दोघांचीही सवय नव्हती. धापा टाकत त्यांनी ते परत नेलं.

“आता पुन्हा आणा,” उस्ताद म्हणाले. “आणि शिवा… तोंड मिटून.”

पाइप उचलला गेला. या खेपेला आवाज फक्त चिखलाचा होता.

अर्ध्या वाटेत शिवलिंगचा पाय घसरला. ओझं त्याच्याकडं कललं. बसगोंडा जागच्या जागी थांबला. त्यानं पाइप घट्ट धरला, आपलं टोक जरा खाली घेतलं, भाऊ सावरेपर्यंत तसाच राहिला. मग शिवलिंगनं पाऊल उचललं तेव्हाच त्यानं उचललं. त्यानं टेकलं तेव्हाच टेकलं. चिखल संपेपर्यंत दोघं एका माणसासारखे चालले.

चिंच आली.

बसगोंडाची पावलं आपोआप लांब झाली. आतल्या अंगाला शिवलिंग जवळजवळ जागेवरच फिरला. पाइप झाडाभोवती मोकळा वळला. ओझं हललंसुद्धा नाही.

वळण संपलं. दोघांची पावलं पुन्हा सारखी पडायला लागली.

चेनकप्पीखाली ते ओझं आवाज न करता टेकलं.

दोघं कमरेवर हात ठेवून उभे राहिले. बसगोंडाच्या कपाळावर घाम होता. शिवलिंग त्याच्याकडे बघत होता. आठवडाभरात पहिल्यांदाच.

उस्ताद उठून शेडमध्ये आले.

“चिखलात त्यानं पाऊल धरलं. कुणी सांगितलं?”

शिवलिंगनं चिखलातल्या पावलांकडं बघितलं.

“वळणावर सोडलं. ते कुणी सांगितलं?”

“…कुणी न्हाई.”

उस्ताद दोर सोडवायला लागले.

बसगोंडा हौदावर गेला आणि हात धुवायला लागला. बराच वेळ धूत राहिला. सांगलीची एक एसटी रस्त्यानं निघून गेली. त्यानं मान वर केली नाही.

शिवलिंग ट्रककडे गेला. क्लीनरच्या बाजूनं केबिनमध्ये चढला. ड्रायव्हरची सीट रिकामीच ठेवली. समोरच्या डॅशबोर्डच्या पट्टीवर त्यानं बोट फिरवलं. एका जागी ठेवलं, उचललं, दुसऱ्या जागी ठेवलं.

हौदावरचं पाणी थांबलं.

“उस्ताद…” केबिनमधून आवाज आला. नेहमीपेक्षा हळू. “लॉकवालाच बसवू या.”

“बरं.”

“बटण कुठं घेऊ? स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, का जरा वर?”

उस्तादांनी दोराची गुंडाळी केली. ती खुंटीला अडकवली.

“मला काय विचारतोस? हात त्याचा पोचायला पाहिजे.”