अर्धा पत्रा

“गणित बरोबर आहे, भन्तेजी. मग मीटर चुकीचं का दाखवतंय?”

उत्पलानं आधी हे विचारलं. वंदन करायचं राहिलं हे मग आठवलं, तेव्हा घाईघाईनं हात जोडले.

भन्ते धम्मसार विहाराच्या ओट्यावर बसले होते. चीवर घेण्याआधी ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. वस्तीतली बारावीची मुलं अडलं की त्यांच्याकडे येत. उत्पला येत नसे. तिचं अडत नसे.

“ठेव खाली.”

तिनं मॉडेल ठेवलं. लाकडी फळीच्या दोन खाचांत ॲल्युमिनियमचे दोन पत्रे उभे होते, एकामागे एक, मध्ये दोन मिलिमीटर हवा. वीज साठवणारा साधा कपॅसिटर. उद्या जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. गणितातला आकडा मीटरवर आला नाही, तर परीक्षक पुढच्या टेबलाकडे निघून जाणार होते.

“किती यायला हवं?”

“एकशे तेहतीस पिकोफॅरड. येतात सहासष्ट. मीटर शाळेचं आहे, जुनं. बिघडलंय. मी पुन्हा पुन्हा तपासलं.”

“मीटर, की गणित?”

तिनं पिशवीतून मीटर काढून पत्र्यांना जोडलं.

“आज मीटर खरं मान. सहासष्टवरून उलटी जा. पत्र्याचं क्षेत्रफळ काढ.”

“ते मला माहीत आहे! मीच कापलाय पत्रा. वीस बाय पंधरा. तीनशे चौरस सेंटिमीटर.”

“मग वेळ लागणार नाही.”

तिनं ओट्यावरच खडूनं मांडलं. धारिता, म्हणजे मीटरवरचे सहासष्ट, गुणिले पत्र्यांमधलं अंतर, भागिले हवेचा स्थिरांक. खडू थांबला.

“दीडशे...”

“म्हणजे अर्धा पत्रा गेला,” भन्ते म्हणाले. “उंदरानं कुरतडला असेल.”

“चेष्टा नका ना करू, भन्तेजी!”

“मग शोध.”

तिनं पट्टी लावली. वीस बाय पंधरा. दुसराही तेवढाच.

“पत्रा पूर्ण आहे,” ती हळू म्हणाली. “आणि मीटरला अर्धाच सापडतोय... दोन्ही खरं कसं असेल?”

आता आवाजात भांडण नव्हतं.

भन्ते मागच्या पत्र्याकडे बघत होते. त्याच्या उजव्या अर्ध्या भागावर लाल रंगात नाव होतं. उत्पला गजभिये.

“अक्षर छान आहे.”

“परीक्षकांना लांबूनही वाचता यावं म्हणून मोठं काढलं. पुढचा पत्रा आड येत होता. मग तो थोडा डावीकडे सरकवला.”

“थोडा?”



वाकून तिनं वरून पाहिलं. दोन्ही पत्रे अर्धेच एकमेकांसमोर होते. नाव लिहिलेल्या भागासमोर नुसतं अंगण होतं.

“म्हणजे समोर आहे तेवढंच धरायचं...”

तिनं पुढचा पत्रा खाचेतून उजवीकडे ढकलला. हात बाजूला घेतला आणि मीटर पाहिलं. सत्त्याऐंशी. आणखी ढकलला. ‘उत्पला’ पत्र्याआड गेलं. एकशे दहा.

एकशे तेवीसला ती थांबली. शेवटचा ‘ये’ तेवढा बाहेर होता.

“एवढं जवळपास चालेल ना? परीक्षक दहाचा फरक धरत नसतील...”

भन्ते अंगणातल्या चिमण्या बघत होते.

तिनं त्या ‘ये’कडे पाहिलं. मग तिनं अंगठ्यानं पत्रा शेवटपर्यंत सरकवला.

एकशे तेहतीस.

ती हसली. लगेच तिचा चेहरा उतरला. समोरून आता फक्त कोरा, चकचकीत पत्रा दिसत होता.

“पण भन्तेजी, आत माझं नाव आहे, हे कुणाला कळणार?”

भन्तेंनी चीवर सावरलं आणि उठता उठता म्हणाले,

“समोरच्या पत्र्याला कळलं.”