साळुंकीची ट्रेन आणि सशिणीचा कोल्हा

नदीच्या वळणावर करंजाचे एक जुने झाड होते आणि त्या झाडावर एक साळुंकी राहत असे. मुलांनो, तुमच्या शेजारी एखाद्या मावशी असतातच. कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या घरी काय शिजले, सगळे त्यांना आधी ठाऊक. साळुंकी अगदी तशी होती. अशा मावश्या वाईट नसतात बरे का. त्यांना फक्त राहवत नाही.

एका उन्हाळ्यात ती शहरात जाऊन राहिली. तिथे एका घरात एक बाई मुलांना इंग्रजी बोलायला शिकवत. खिडकीत बिस्किटांचा चुरा सांडलेला असे. चुरा खाता खाता साळुंकी इंग्रजीही शिकली. बाई सांगत, "नुसता 'गेला' म्हणू नका. कसा गेला, कशासारखा गेला, तेही सांगा." मग मुले एका सुरात म्हणत, "टुक ऑफ लाइक अ रॉकेट." म्हणजे रॉकेटसारखा सुसाट गेला. साळुंकीला मोठे नवल वाटे. शब्दाच्या शेपटीला एक इवलासा शब्द बांधला की सगळा अर्थच पालटतो. 'गो' म्हणजे जाणे, पण त्याला 'आउट' बांधले की दिवा विझतो. आणि पडल्या पडल्या कुणाला झोप लागली, तर म्हणायचे, "वेंट आउट लाइक अ लाइट." म्हणजे दिवा मालवावा तशी झोप लागली.

परत आल्यावर हे सगळे कुणाला सांगू आणि कुणाला नको, असे तिला झाले. समोरच नदीच्या पात्रात गवताचे एक बेट होते आणि त्या बेटावर तिची शेजारीण सशीण तीन पिल्लांना घेऊन राहत होती. पाणी एवढेसे, की पाऊलही नीट भिजू नये. रोज संध्याकाळी साळुंकी बेटावर उतरायची आणि आपले ज्ञान उघडायची.

"तुझी पिल्लं बघ कशी झोपली. वेंट आउट लाइक अ लाइट."

"वा," सशीण म्हणायची. दिवा तिने जन्मात पाहिला नव्हता. पण इतकी शिकून आलेली शेजारीण, तिला काय विचारायचे? अडाणी म्हणेल. त्यापेक्षा मान डोलावलेली बरी.

"कालच्या गारा कशा कोसळल्या, सांगू? केम डाउन लाइक अ टन ऑफ ब्रिक्स. गाडीभर विटा ओताव्यात तशा."

"काय गोड बोलतेस गं साळूबाई. पुन्हा म्हण."

साळुंकी पुन्हा म्हणायची. पिल्ले कान हलवत तिच्या मागोमाग म्हणायची. न कळताच सगळे खूश. असे बरेच दिवस चालले.

एके दिवशी दुपार कलल्यावर साळुंकी करंजाच्या शेंड्यावर बसली होती. नदीच्या वरच्या अंगाला तिला एक पांढरी रेघ दिसली. रेघ हलत होती. तिच्यासमोर काठावरची झुडपे वाकत होती आणि नाहीशी होत होती. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते. साळुंकी झेपावली ती थेट बेटावर.

"ऊठ, पिल्लं उचल. पाणी येतंय."

"येतं गं अधूनमधून," सशीण पाय पसरत म्हणाली. "बोटभर येतं, वाळू ओली करतं आणि जातं. पिल्लं आत्ता कुठे झोपलीत."

"तसं नाही. कमिंग डाउन लाइक अ ट्रेन!"

"हे नवीन दिसतंय," सशीण कौतुकाने म्हणाली. एक पिल्लू जागे झाले आणि डोळे न उघडताच पुटपुटले, "लाइक अ ट्रेन."

"अगं, खरंच ट्रेनसारखं येतंय."

"बरं. ट्रेन हळू असते की जोरात?"

इतके दिवस ही मान डोलावत होती आणि हिला यातले काहीच कळले नव्हते. साळुंकीने घाईघाईने आठवून पाहिले. रॉकेट? ते हिने पाहिलेले नाही. मोटार? तीही नाही. वरून घरघर ऐकू येऊ लागली. शिकलेली एकेक उपमा तिच्या डोक्यात येत होती आणि तिथेच निकामी होत होती. तिने सशिणीकडे पाहिले. हिने जन्मभरात काय पाहिले आहे? गवत, वाळू, घार. आणि हिच्या मागच्या पायावर तो जुना व्रण आहे, तो कशाचा?

"हे बघ," साळुंकी म्हणाली, "गेल्या हिवाळ्यात कोल्हा तुझ्या मागे लागला होता, आठवतं? तसं पाणी येतंय. तेवढ्याच वेगानं, तुझ्यावरच. आणि या वेळी शिरायला बोरीची जाळी नाही."

सशिणीचे कान ताठ झाले. पुढचा शब्द ऐकायला ती थांबलीच नाही. एका पिल्लाची मान तोंडात धरून तिने काठ गाठला, परत आली, दुसरे नेले. साळुंकी वरून ओरडत होती, "कोल्हा वळणापाशी आला! कोल्हा उंबराशी आला!" तिसरे पिल्लू घेऊन सशीण काठावर चढली आणि मागे बेटच उरले नाही. गढूळ पाणी, त्यावर गरगरणारा पाला, एवढेच.

सशीण पिल्लांना चाटून कोरडी करू लागली. मग म्हणाली, "साळूबाई, मला दिवासुद्धा माहीत नाही गं."

"मीही कधी विचारलं नाही," साळुंकी म्हणाली. "नको तिथे सगळ्यांच्या चौकश्या करते, आणि हे मेलं विचारायचं राहिलं."

पाणी ओसरले. सशिणीने काठावरच करंजाखाली नवे घर केले. साळुंकीचे इंग्रजी काही सुटले नाही, पण आता ती काहीही सांगण्याआधी समोरच्याला विचारते, "तू काय काय पाहिलं आहेस?" परवा थोरल्या पिल्लाने तिलाच गाठले.

"साळूमावशी, ट्रेन कशी असते?"

साळुंकीने नदीकडे पाहिले. "त्या दिवशी पाणी कसं आलं होतं? तशी."

"बाप रे," पिल्लू म्हणाले आणि आईला जाऊन चिकटले.

तात्पर्य : उपमा सांगणाऱ्याला किती शोभते, याला महत्त्व नाही; ऐकणाऱ्याने पाहिलेल्या गोष्टीची उपमा दिली, तरच सांगणे त्याच्यापर्यंत पोचते.